आठ दिवसांचा उंबरठा

आमची ही आणि मी, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे एक फळी कापली. कऱ्हाडच्या घरी, न्हाणीच्या दारासाठी. मी सुतार. चाळीस वर्षं आमची एकच रीत. फळीच्या एका टोकावर ती बसणार, दुसऱ्या टोकाला मी करवत चालवणार. फळी घट्ट धरायला शिकंजा विकत आणतो म्हटलं की म्हणायची, "मी काय मेलेय का?" त्या दिवशी ती बसली आणि फळी हलायला लागली. तेव्हा मला कळलं, ही किती हलकी झालीय. दोन महिन्यांत गेली.

जाताना एक बजावून गेली. "तुमचं तोंड म्हणजे करवत आहे. पोराकडे गेलात तर सुनेच्या माहेरच्या माणसांना त्याखाली घेऊ नका." मी हो म्हटलं. मरणाऱ्या बाईला नाही कोण म्हणणार? पण वानखडे व्याही काय चीज आहे ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

पोरगा मिलिंद आयर्लंडात डॉक्टर. राहायला एनिस नावाच्या गावात, कामाला लिमरिकच्या हॉस्पिटलात. सून शुभदा कॉम्प्युटरवाली. आई गेल्यावर पोरगा मला तिकडे घेऊन गेला. मग तीन महिन्यांसाठी सूनबाईचे वडीलही आले, अकोल्याहून. पाटबंधारे खात्यातले रिटायर कारकून. अंगाने पेन्सिल. दारातच शुभदाने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर यांनी हात जोडले.

"लेकीच्या घरचं अन्नपाणी मी घेत नाही. नोंद असावी."

ही रीत आमच्याकडेही होती. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही. पण ते कधी? बाप सकाळच्या एसटीने यायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचा तेव्हा. हा गडी तीन महिने राहायला आला होता! सोबत ज्वारीचं पीठ, तूरडाळ, एक ताट, एक वाटी आणि छोटी गॅसची शेगडी; गॅसचा डबा तेवढा इथल्या बाजारातून, स्वतःच्या पैशाने.

परसात एक लाकडी शेड होती. गवत कापायचं यंत्र, रंगाचे डबे, जुन्या फळ्या. व्याह्यांनी त्यात चूल मांडली.

मी म्हटलं, "अहो, घर काय आणि शेड काय, एकच की."

"घराचा भाडेकरार जावईबापूंच्या नावाने आहे. शेडचा करारात उल्लेख नाही. मी तीनदा वाचला. शेड घरमालकाची."

"आणि पाणी?"

त्यांनी बाहेर ठेवलेल्या बादलीकडे बोट केलं. तिकडे बादली भरायला अर्धा दिवसही लागत नाही. ते पाणी गाळून, उकळून प्यायचे. "पाऊस जावईबापूंच्या नावावर नाही," म्हणाले.

रोज संध्याकाळी हाच देखावा. आत टेबलावर आम्ही तिघं. बाहेर शेडच्या दारात, गवताच्या यंत्राला टेकून व्याही, मांडीवर ताट. शुभदा मुद्दाम खिडकीसमोरची खुर्ची धरायची. तिने एक घास खाल्ला की ते एक घास खायचे. पोरीचं जेवण अर्धं व्हायचं. मला म्हणाली, "मामा, तुम्ही सांगा ना त्यांना." मी काय सांगणार? माझ्या तोंडाला कुलूप होतं.

मग त्यांना तुर्कस्तानचं वेड लागलं.

टीव्हीवर एक बटण दाबलं की काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं यायची. सुट्टीच्या जाहिराती. पान आपोआप उलटायचं. व्याही वही मांडीवर घेऊन बसायचे आणि पान उलटायच्या आत उतरवून घ्यायचे. एखादी ओळ राहिली तर ते पान फिरून येईपर्यंत हलायचे नाहीत. असं करत एक गाव सापडलं, समुद्रकाठचं, कुशादासी. मला वाटलं एखाद्या संताची शिष्या असेल. तिथे आठ दिवसांसाठी स्वयंपाकघरासकट फ्लॅट भाड्याने मिळतो, सगळे खर्च आपल्या पेन्शनमधून, असं त्यांनी जाहीर केलं. मिलिंद म्हणाला, "अण्णा येणार असतील तरच. मी त्यांना एकटं सोडणार नाही." झालं. गाडी माझ्यावर येऊन अडली.

आता मला जायचं होतं का? हिचं वर्ष सरलं नव्हतं. वर्षाच्या आत कुठे समुद्रावर हिंडायला जातात का? पण बोलायची चोरी. "व्याहीसाहेब, येता ना?" "येतो की." एवढंच.

एनिसच्या बाजारात एक ट्रॅव्हल एजंटचं दुकान होतं. तिथे शिवॉन नावाची लाल केसांची पोरगी. व्याही मला घेऊन दर मंगळवारी तिच्यासमोर जाऊन बसायचे आणि वहीतून एकेक प्रश्न काढायचे. त्यांचं इंग्रजी सरकारी पत्रासारखं. मला भाषा कळत नव्हती, पण बाहेर आल्यावर ते सगळं सांगायचे.

पहिला प्रश्न, फ्लॅटच्या गच्चीवर दुपारचं ऊन किती तास असतं. दुसरा, साफसफाईवाली बाई सकाळी दहाच्या आत दार वाजवते का. तिसरा, गॅसला जाळ असतो की नुसती तापणारी तबकडी. पोरगी प्रत्येक वेळी "ग्रँड, ग्रँड" म्हणायची. त्या गावात सगळंच ग्रँड असतं, पाऊससुद्धा. चौथ्या प्रश्नाला मात्र ती थांबली. व्याह्यांनी कागदावर दाराचं चित्र काढून खालच्या बाजूला पेनने तीनदा गिरवलं. फ्लॅटच्या दाराला उंबरठा आहे का?

शिवॉनने तुर्कस्तानला फोन लावला. ती बोलली, पलीकडचा बोलला, ती हसली, पलीकडचा ओरडला. उत्तर आलं, उंबरठा नाही, सपाट फरशी आहे. व्याह्यांचा चेहरा पडला. समुद्र नाही म्हणाले असते तरी इतका पडला नसता. मी मनात म्हटलं, हे बेणं कामातून गेलेलं आहे.

आणि रोज संध्याकाळी व्याही मला वहीतून तिकडच्या अडचणी वाचून दाखवायचे.

"व्याहीसाहेब, तिकडे ऊन फार. घेरी येते म्हणतात."

"कऱ्हाडला काय बर्फ पडतो? चालेल."

"फ्लॅट वरच्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आपले गुडघे..."

"चालेल."

"समुद्रावर बायका... म्हणजे, कपड्यांच्या बाबतीत... आपण वडीलधारे..."

"मी डोळे मिटतो. चालेल."

मला वाटायचं, मुलीकडची बाजू म्हणून माझी काळजी घेताहेत. मुलाच्या बापाला त्रास व्हायला नको. त्यांची सभ्यता बघून मला आणखी अवघडायला व्हायचं. मी जितका "चालेल" म्हणायचो तितके ते सुकत चालले होते.

शिवॉनने नावं पक्की करायला एका मंगळवारच्या सकाळपर्यंत मुदत दिली. आदल्या संध्याकाळी जेवणं झाली. तिकडे उन्हाळ्यात दहापर्यंत उजेड असतो. व्याही बादलीपाशी आपलं ताट विसळत होते, मी शेजारी उभा. ताट पुसून त्यांनी फॉर्म काढला. वहीवर ठेवला, पेनचं टोपण उघडलं. 

"नाव कसं लिहू, व्याहीसाहेब? पासपोर्टप्रमाणे?"

तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मनात म्हटलं, माफ कर बाई, करवत निघाली.

"व्याही, तुमच्या तुर्कस्तानाला लागू दे आग. मी येत नाही. माझी बायको जाऊन वर्ष व्हायचंय. मला तिथे काय नाचायचंय? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस मुंडी हलवत होतो."

त्यांचं पेन फॉर्मवरच थांबलं. मला वाटलं, आता हा माणूस रडतो. तर त्यांनी लहान पोरासारखं विचारलं, "खरंच येत नाही?"

"नाही म्हणजे नाही."

"लेखी देता?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदा त्या चेहऱ्याला रंग आला होता. "म्हणजे," मी म्हटलं, "तुम्हाला मी नकोच होतो?"

"नाही, नाही, व्याहीसाहेब, तसं नाही..." आणि मग एकदम बसले. शेजारी पालथ्या घातलेल्या दुसऱ्या बादलीवर. एरवी हा माणूस माझ्याशी कचेरीतलं मराठी बोलायचा. त्या दिवशी अकोल्याचं बाहेर आलं.

"तसंच आहे. तुम्ही आले तर तिथंही तिचं सासरच होईन. ती सहाला उठन, तुमचा चहा ठेवन. मले तिले माहेर द्यायचं होतं. तिची माय गेली तेव्हा पोरगी चौदाची होती. तेव्हापासून घरात पह्यली तीच उठे. माह्या डबा, माह्यं आंघोळीचं पाणी. सरकारी क्वार्टर होतं, रिटायर झालो, ते गेलं. आता मी भावाच्या एका खोलीत. लगन झालेल्या पोरीले कुठं बोलावू? फ्लॅटचा फॉर्म माह्या नावानं भरला तर आठ दिवस ते घर माह्यं. बापाचं घर म्हणजे माहेर. नोंद असावी."

 शिवॉनला विचारलेले सगळे प्रश्न एकेक करून माझ्या डोक्यात उजाडायला लागले. साफसफाईवाली दहाच्या आत दार वाजवत नाही, म्हणजे पोरगी झोपेल. गॅसला जाळ आहे, म्हणजे भाकरी फुगेल. गच्चीवर ऊन आहे, म्हणजे तिच्या आवडीच्या मूगवड्या वाळतील.

"आणि उंबरठा?"

"माहेरी आलेल्या पोरीवरून भाकरतुकडा ओवाळा लागते नं. उंबऱ्याच्या बाहेर उभं करून. तिथं उंबराच नाही म्हणे. सपाट फरशीवर कुठं उभी करू तिले? कुठलं घर आणि कुठलं बाहेर, कसं समजन?"

"आणि मिलिंदला कशाला नेता?" मी म्हटलं. "माहेरी जाताना नवरा बगलेत घालून नेतात होय? जावई आठव्या दिवशी न्यायला येतो."

"जावईबापूंना हे मी कसं म्हणू? मुलीकडचा माणूस मी."

"तुम्ही गप बसा. मी म्हणतो."

आत गेलो. टीव्ही बंद केला. "मिलिंद्या, तू जायचं नाहीस. शुभदा माहेरी चाललीय, तिचा बाप तिला न्यायला, मुळाला आलाय. आठव्या दिवशी तिला आणायला जा. तिथूनच व्याही परस्पर मुंबईला जातील."

पोराला काही कळेना. शुभदाला कळलं. हातातला कप तसाच धरून ती खिडकीशी गेली. बाहेर बाप बादलीवर बसून फॉर्मवरचं जावयाचं नाव पट्टी लावून खोडत होता.

"मामा," ती म्हणाली, "आणि आठ दिवस तुम्ही काय खाणार?"

"तुझा नवरा घालेल ते."

"मला फक्त ऑम्लेट येतं, अण्णा," मिलिंद म्हणाला.

"मग ऑम्लेट खाऊ. मला आठ दिवस घरात बसून तुझ्या आईची आठवण काढायचीय. तुमच्यासमोर मला लाज वाटते."

मिलिंद माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "मलाही काढायचीय, अण्णा. मला अजून वेळच नाही मिळाला." छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. हिने मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं खरं, पण चाळीस वर्षांत तिचा हा एकच अंदाज चुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही शिवॉनकडे जायला तयार होऊन बाहेर आले, तर मी शेडमधली एक जुनी फळी परसात ओढत होतो. पाइनची, पण चांगली मुरलेली.

"ही घरमालकाची आहे," व्याही घाबरून म्हणाले. "परवानगी?"

"मिलिंदने फोन करून घेतलीय. घरमालक म्हणाला, वर्क अवे, म्हणजे खुशाल करा."

"लेखी?"

"व्याही, तुमच्या बॅगेची लांबी सांगा."

त्यांनी वहीत पाहून सांगितली. दार तीन फुटी, बॅग त्याहून आखूड. म्हणजे दोन तुकडे करायचे, मध्ये खाच पाडायची, तिथे गेल्यावर एकात एक बसवायचे. खिळा लागत नाही. दारात आडवा टाकला की उंबरठा, आठ दिवसांनी काढला की पुन्हा फळी. ते ऐकून घेत होते. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंडाने विचारत होते की विमानतळावर कोणी ही काय वस्तू विचारलं तर काय लिहायचं.

"उंबरठा लिहा. नोंद असावी."

मिलिंदने आणलेली नवी करवत मी हातात घेतली. फळी दोन विटांवर टेकवली, पेन्सिल कानावरून काढून खूण केली. पहिलाच हात मारला आणि फळी थडथडली. मी थांबलो. फळीच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. बरेच महिने तिकडे बघितलं नव्हतं.

"काय झालं, व्याहीसाहेब? जड आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "तिकडच्या टोकावर कोणीतरी बसावं लागतं."

त्यांनी फळी रुमालाने झटकली, पँट गुडघ्याशी वर ओढली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नीट बसले. मी कापायला लागलो.