गोलकीपरच्या हातावर दही

आमच्या शेजारच्या आगाशांनी एकदा सिंगापूरच्या गोलकीपरच्या हातमोज्यावर दही घातलं.

अगदी खरं सांगते. सोळा वर्षांखालच्या मुलींचा देशाचा संघ, एका शाळेच्या मुलींशी सरावाचा सामना. मुली मैदानात उतरायच्या बेतात आणि कडेला आगाशे स्टीलचा डबा आणि चमचा घेऊन उभे. "हॅन्ड, प्लीज!" एकेक मुलगी तळवा पुढं करायची, चमचाभर दहीसाखर घ्यायची, चाटायची, चड्डीला हात पुसायची आणि पळायची. शेवटी आली नादिया, गोलकीपर. तिनं हातमोजे आधीच चढवलेले. तिनं मोजे दाखवले, आगाशांनी चमचा दाखवला. मोठ्या माणसांना नाही म्हणू नये असं त्या मलाय घरात शिकवलेलं असावं, कारण पोरीनं मुकाट्यानं मोजा पुढं केला. चाटता येईल तेवढं चाटलंही बिचारीनं.

सामन्यातला पहिलाच चेंडू तिच्याकडे आला तो इतक्या सावकाश, की गुडघ्याचा पट्टा सांभाळत मीसुद्धा अडवला असता. नादियानं तो दोन्ही हातांत नीट धरला आणि तो साबणाच्या वडीसारखा निसटून मागं जाळीत गेला. कोचबाईंनी शिट्टी वाजवली. नादियाचा मोजा हातात घेतला. वास घेतला. मग सगळ्या मैदानानं वळून आगाशांकडे पाहिलं.

आगाशे माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, साखर जरा जास्त झाली वाटतं."

हे आगाशे मूळचे सांगलीचे. उभा जन्म तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात काढला आणि आता यिशुनला आमच्या समोरच्या दारात राहतात. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम घडी केलेला रुमाल. मुलगी मेलबर्नला असते, ती रविवारी फोन करते. पत्नी कुंदा चार-पाच वर्षांपूर्वी गेली. त्यांना फुटबॉलमधलं फारसं काही कळत नाही, हे त्यांचं मोठेपण. ज्यांना कळतं ते सामना बघताना फार ओरडतात.

ते या भानगडीत पडले माझ्यामुळं. माझी नात इरा त्या संघात निवडली गेली. ती डावीकडून बचाव करते, म्हणजे काय करते ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण सामना संपला की तिचे मोजे सगळ्यात मळलेले असतात, त्यावरून काम कष्टाचं असावं. मुलगा आणि सून ऑफिसात, म्हणून सामन्याला मी जायचं. एकटीनं कसं जायचं म्हणून मी आगाशांना म्हटलं, चला. ते आले, आणि येताना इराच्या हातावर घालायला वाटीभर दही घेऊन आले. परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर आपण घालतो तसं.

"आजी, सो एम्बॅरसिंग लाह!" इरा कुजबुजली. हे 'लाह' म्हणजे इथलं 'ना'. पण तिनं हात पुढं केला. तेवढ्यात शेजारची म्हणाली, "अंकल, व्हॉट्स दॅट? कॅन ट्राय?" झालं. एकीला दिलं आणि दुसरीला नाही, हे आगाशांच्या पत्रिकेत नाही. पुढच्या सामन्याला वाटीचा डबा झाला. नादियानं विचारलं, "हलाल, अंकल?" तर आगाशांनी तिला पाच मिनिटं समजावून सांगितलं, की यात फक्त दूध आहे आणि धीर आहे.

आता माझं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई जन्मापासून फुटबॉलवाली. लग्न करून मी सिंगापूरला, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा कॉरिडॉरमध्ये पोरं चेंडू खेळायची. चेंडू माझ्या तुळशीला लागला की मी जप्त करायचे. दार उघडून कमरेवर हात ठेवून मराठीत भाषण द्यायचे आणि त्या चिनी पोरांना ते पटलं असं समजून आत यायचे. कपाटात ढीगभर चेंडू साठले होते. देशाच्या फुटबॉलचं जे काही व्हायचं राहिलं, त्यात थोडा वाटा माझ्या कपाटाचा असणार.

आणि तेव्हा मी भयंकर आधुनिक होते. कुंदा माझ्यानंतर वर्षभरानं शेजारी राहायला आली, ती माहेरचं विरजण एवढ्याशा स्टीलच्या डबीत घालून, डबी साडीत गुंडाळून, विमानातून मांडीवर घेऊन. मी पोट धरून हसले. म्हटलं, "अगं, इथं दुकानात तयार मिळतं, प्लास्टिकच्या सुबक डब्यात!" ते किती सोयीचं असतं हे सिद्ध करायला मी तिला आणि आगाशांना जेवायलाच बोलावलं आणि त्या दह्याची कढी केली. डब्यावरचं चित्र मी पाहिलं नव्हतं. कढी गुलाबी झाली. स्ट्रॉबेरीची कढी, वर कढीलिंबाची फोडणी. कुंदानं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "रंग छान आलाय हो." दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात झाकलेली वाटी होती. त्या दिवसापासून आमच्या घरी दही तिच्याकडचंच. पुढं दोघींनी मिळून यिशुनला समोरासमोर घरं घेतली, त्याला बाकी सगळी कारणं होती, पण मला विचाराल तर दही हे एक होतंच.

तर आगाशे आणि सामने. आपला हा देश एवढासा, की एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सुरू केलेलं भांडण संपायच्या आत शेवटचं स्टेशन येतं. आजूबाजूचे देश मोठे, त्यांच्या मुली उंच. आपल्या मुली हरतात. चांगल्या खेळून हरतात, पण हरतात. तिसरा गोल बसला की आमच्या मागे बसणारे एक टॅक्सीवाले काका उभे राहून गरजायचे, "चेंज कीपर! चेंज कोच! चेंज एव्हरीबडी!" आणि आगाशे सावकाश मागं वळून म्हणायचे, "भांडं हलवू नका!"

हे ते मराठीतच म्हणायचे. त्या काकांनी एकदा अर्थ विचारला तेव्हा आगाशांनी त्यांना दही कसं लागतं ते सांगितलं. दूध कोमट करायचं, विरजण घालायचं, झाकायचं आणि लांब जायचं. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून भांडं हलवलं की काही लागत नाही, नुसतं पाणी सुटतं. "दीज गर्ल्स, सेम," आगाशे म्हणाले, "नाउ ओन्ली दूध वॉर्म." काका खाली बसले. पुढच्या सामन्याला त्यांच्या बाजूचा कुणीतरी ओरडायला लागला, तर काकांनीच त्याला दटावलं, "ओई, डोन्ट शेक द पॉट, लाह!"

इरा रडवेली होऊन बाहेर यायची, तर आगाशे तिला विचारायचे, "किती?"

"फोर-निल, आजोबा."

"मागच्या खेपेला पाच होते. लागतंय, लागतंय."

पण मोज्याच्या प्रकरणानंतर कोचबाईंनी नियम केला. स्पर्धा संपेपर्यंत बाहेरचं काही नाही, घास नाही, चमचा नाही. बाई बरोबर होत्या. त्यांनी आगाशांना बाजूला घेऊन अगदी सौम्यपणे सांगितलं, आणि आगाशे "येस, मॅडम, येस, मॅडम" म्हणत डबा पिशवीत घालून घरी आले.

आणि इथून आमच्यावर दह्याचा पूर आला. मला वाटलं होतं, मुलींचं बंद झालं म्हणजे आगाशे दही लावायचंही कमी करतील. छे! रोज सकाळी दारात पातेलं. मी कढी केली, मठ्ठा केला, कोशिंबिरी केल्या, श्रीखंड केलं, इराच्या केसांना लावलं. आगाशे लिफ्टमध्ये भेटेल त्याला वाटी द्यायचे. खालच्या मजल्यावरची चिनी आजी त्यांना बघून जिन्यानं जायला लागली.

शेवटी मी म्हटलं, "अहो भावजी, एक दिवस लावूच नका ना! नाहीतर वाटीभरच लावा."

"वाटीभर नीट लागत नाही, वहिनी."

"मग आणा की विकत, लागेल तेव्हा."

ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जसं काही मी परत गुलाबी कढी वाढली होती. दार हळू लावून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, एमआरटी स्टेशनच्या पायऱ्यांवर त्यांना चक्कर आली. लोकांनी अँब्युलन्स बोलावली. हृदयाचं काहीतरी होतं, फार मोठं नाही म्हणाले, पण ठेवून घेतलं. मुलगी फोनवर रडली, मी धावपळ केली, आणि त्या गडबडीत दह्याचं कुणाच्या लक्षात राहणार? तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटल्यावर आगाशांनी पहिली गोष्ट विचारली, "वहिनी, घरचं विरजण बदललंत ना?"

"हो तर," मी म्हटलं, "छान लागलंय." खोटं बोलायला मला कधीच वेळ लागत नाही.

मग ते उशीवर मान टेकून सांगायला लागले. नर्स बीपीचा पट्टा बांधत होती, तिच्याकडे बघतच सांगितलं, माझ्याकडे नाही. "कुंदानं आणलेलं ते, माहेरहून. आपण काय करतो, कालचं थोडं आजच्यात घालतो. आजच्यातलं थोडं उद्याच्यात. म्हणजे बघा, तिनं लावलेलं दही अजून संपलेलं नाही. पण रोज लावायला लागतं, आणि रोज खायला कुणीतरी लागतं. मी एकटा किती खाणार? पोरी खात होत्या, म्हणून चाललं होतं." मग म्हणाले, "फार उपकार आहेत त्या पोरींचे."

मी तशीच बसनं घरी आले आणि चपलाही न काढता त्यांचं दार उघडलं. पातेलं ओट्यावरच राहिलं होतं. झाकण उचललं, तर दह्यावर हिरवट लव. उन्हाळाच असतो इथं बारा महिने, दुसरं काय होणार? धावत माझ्या घरी आले, माझ्या फ्रिजमध्ये तरी असेल. नव्हतं. दह्याला कंटाळून मी आदल्याच दिवशी शेवटच्या थेंबापर्यंत कढी करून पातेलं घासून ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीचं दारसुद्धा वाजवलं. तिनं सगळं कधीच संपवलं होतं, आणि वाट्या धुऊन रचून ठेवल्या होत्या. वाट्या माझ्या हातात दिल्या आणि हसली.

मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. इरा शाळेतून आली तेव्हा तशीच बसलेली होते. तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही देव जाणे, तिचे डोळे फोनवर आणि अंगठे फोनवर. "ओके, आजी," म्हणाली आणि सरावाला निघून गेली. मला तेव्हा वाटलं, ही पिढी म्हणजे अगदी कोरडी.

आगाशांना घरी सोडलं त्या दिवशी टॅक्सीत मी त्यांना खरं ते सांगितलं. घरी जाऊन त्यांनी स्वतः बघण्यापेक्षा ते बरं. "भावजी, ते गेलं."

"बरं," ते म्हणाले. बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही धावपळ केलीत, वहिनी. फार केलंत."

घरी आल्यावर त्यांनी ते पातेलं स्वतः घासलं. मी नको म्हणत होते. कोरडं पुसलं आणि फळीवर पालथं ठेवलं. मी चहा टाकायला वळले, म्हणजे मला दुसरीकडे कुठंतरी बघायला मिळालं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात इरा आणि नादिया, दोघी सरावाच्या कपड्यांत, घामानं निथळणाऱ्या. नादियाच्या हातात जॅमची काचेची बरणी, ती तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, चेंडू धरावा तशी.

इराच बोलली. तिनं त्या दिवशीच फोनवरून सगळ्या संघाला विचारलं होतं. नादियानं म्हणे फार पूर्वी, बंदी यायच्या आधी, आगाशांच्या डब्यातलं चमचाभर दही घरी नेलं होतं. आईला आवडलं. आई तेव्हापासून रोज लावते. आणि कोचबाईंनी बाहेरचं खायला बंदी केल्यावर नादियानं विचार केला, घरचं तर चालेल. प्रत्येक सामन्याच्या सकाळी निघताना तिची आई तिच्या हातावर चमचाभर घालते. मोज्याशिवाय.

"नॉट अलाउड टू शेक," नादिया गंभीरपणे म्हणाली. "सो ऑन द बस आय स्टुड व्हेरी स्टिल, अंकल."

आगाशे सोफ्यावरून उठायला लागले, तिनं त्यांना उठू दिलं नाही. बरणी उघडली. माझ्याकडून चमचा मागून घेतला. मग त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "हॅन्ड, प्लीज."

त्यांनी उजवा तळवा पुढं केला. तिनं दही घातलं. त्यांनी चाटलं. कितीतरी वेळ डोळे मिटून बसले होते, आणि आम्ही तिघी उभ्या.

"दूध जरा गोडसर आहे," ते शेवटी म्हणाले. "पण तेच आहे." मग त्यांनी नादियाला विचारलं, "मॅच? हाउ मेनी?"

"झिरो-झिरो, अंकल."

"झिरो?"

"झिरो," नादिया म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. "नथिंग वेन्ट इन."

"लागलं," आगाशे म्हणाले.

आता आमच्या घरीही रोज लागतं. मी राइस कुकरच्या मागं कोपऱ्यात पातेलं ठेवते आणि सून कपाटाचं दार आपटायला लागली की भांडं हलवू नका म्हणून अख्ख्या घराला ऐकू जाईल असं ओरडते. नादियाकडं आहे, खालच्या आजीकडंही आहे, टॅक्सीवाले काकाही एक डबी घेऊन गेले. कुठंतरी एकीकडे मरेल, पण सगळीकडे नाही. क्वीन्सटाउनच्या त्या कमरेवर हात ठेवणाऱ्या पोरीला हे कळायला एवढी वर्षं लागली, पण कळलं, हे काय कमी आहे?

त्या संध्याकाळी मी सगळ्यांसाठी चहा केला. आगाशांपुढं कप धरला. एरवी डाव्या हातानं काही घेणं-देणं त्यांना चालत नाही, पोरींनाही टोकतात. पण त्या दिवशी त्यांनी कप डाव्या हातात घेतला, आणि उजवा हात तसाच मांडीवर, तळवा वर करून, न धुता ठेवला.