मंगळवारचा गोड चहा

यंदा थोरली आईला अशी भेट देणार होती, की जी आईला शेजारणीच्या गळ्यात मारता येणार नाही!

हे तिने नवऱ्याला ऐकवलं होतं, ऑफिसात ऐकवलं होतं आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईलाही सोडलं नव्हतं. आजवरच्या भेटींचा इतिहास तसा रक्तरंजितच होता. पाय चोळणारं यंत्र बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडवायला ठेवलं होतं. भारी अत्तर चपलांच्या कपाटात फवारलं जात होतं. आणि दोन्ही बाजूंनी हंस माना काढून बघताहेत अशी ती बादलीएवढी निळी काचेची फुलदाणी? तिच्यात आईने झारे आणि डाव उभे केले होते.

"यंदा मी तिला वेळ देणार," थोरलीने जाहीर केलं. "अख्खा दिवस! फोन बंद. कामं नाहीत, औषधं नाहीत, बँकेचे कागद नाहीत. फक्त ती आणि मी."

"मग रविवारी जा," नवरा म्हणाला. "मदर्स डे आहे."

"रविवारी सगळं जग आपापल्या आईला घेऊन हॉटेलाबाहेर रांगेत उभं असतं. मी आपली साध्या मंगळवारी जाणार. न सांगता!"

नवऱ्याने वर्तमानपत्र पुढे ओढलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

फुशारकी बाजूला ठेवली तर खाली एक खरी गोष्ट होती. बाबा गेल्यापासून दोघी भेटत, पण मध्ये सतत काहीतरी असे. सही करायचा कागद, गळका नळ, रक्तदाबाची गोळी. दोघी समोरासमोर रिकाम्या हातांनी बसल्याच नव्हत्या. थोरलीला तेवढं हवं होतं. खरं तर आईपेक्षा तिलाच जास्त हवं होतं, पण भेटवस्तूंच्या बाबतीत असं चालतं.

शाळेची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनात ती संपादक होती. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळे. स्वतःच्या योजनेतली ढळढळीत चूक मात्र तिला दिसली नाही. ती चूक अशी.

या घरात वाईट बातमी फोनवर सांगायची नाही, असा नियम होता. नियम आईनेच घातलेला. बातमी असेल त्याने स्वतः यायचं, आपला फोन बंद करायचा, ऐकणाऱ्याला खुर्चीत बसवायचं, हातात चहा द्यायचा आणि मग तोंड उघडायचं. बाबांच्या वेळी थोरलीने हे सगळं बिनचूक पार पाडलं होतं. हॉस्पिटलातून थेट आली होती ती, कामाच्या दिवशी, सकाळची. लक्ष थाऱ्यावर नव्हतं, म्हणून चहात साखर तेवढी दुप्पट पडली होती.

तर त्या मंगळवारी सकाळी बेल वाजली. आईने दार उघडलं. दारात थोरली, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर मऊ, समजूतदार हसू.

"तू? आत्ता? आणि ऑफिस?"

"रजा घेतली."

आईचा हात कडीवरच राहिला. थोरली आत आली. तिने फोन बंद केला आणि एखाद्या पुतळ्याचं अनावरण करावं अशा थाटात टेबलाच्या खणात ठेवला.

"आई, तू बस."

"मी उभी बरी आहे."

"बस गं! आज कशाला हात लावायचा नाहीस तू. मी चहा करते."

आई खुर्चीत बसली. नियम तिचाच होता.

स्वयंपाकघरात थोरली गुणगुणत होती. त्या उत्साहात किती साखर पडली याकडे कुणाचं लक्ष असणार? आईने पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. दुप्पट गोड! आता शंकेला जागाच नव्हती. कुणीतरी गेलं होतं. कोण, एवढंच कळायचं बाकी होतं.

"मी जरा कपडे बदलून येते," आई म्हणाली आणि फोन पदराआड लपवून आतल्या खोलीत गेली.

पहिला फोन धाकट्याला. तो दातांचा डॉक्टर.

"आहेस ना रे?"

"हो आई, पेशंट समोर..."

"बरं." फोन बंद.

दुसरा जावयाला. तिथे आईने रीतभात सोडली नाही. "नमस्कार. आहात ना?"

"हो... आई, काय झालं?"

"काही नाही. असेच राहा."

तिसरा धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशीला. "आहेस का गं?"

"न असायला काय धाड भरलीय मला? अक्का, हे काय विचारणं झालं?"

"ठेवते."

मग उरला दादा. आईचा थोरला भाऊ, मुलांचे दादामामा. फोन वाजला, वाजला आणि वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. दादामामा त्या वेळी बागेत बुद्धिबळ खेळत होते आणि खेळताना कानातलं यंत्र काढून खिशात ठेवायची त्यांची पद्धत होती. समोरचा बोलून बोलून डाव नासवतो, असं त्यांचं म्हणणं. पण आईला बाग कुठून दिसणार? ती पलंगाच्या कडेवर टेकली. तेवढ्यात मावशीचा उलट फोन आला.

"अक्का, खरं सांग, काय झालंय?"

"दादा गेला," आई कुजबुजली. "थोरली सांगायला आलीय. अजून बोलली नाही. मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. बिचारीने एवढी तयारी केलीय."

आई बाहेर आली ती डोळे लाल करूनच. तिने थोरलीला जवळ घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं. थोरलीचा ऊर भरून आला. भेट पोचली! इतकी वर्षं आपण यंत्रं आणि अत्तरं काय आणत बसलो!

"आई, माणसाला वेळ असतानाच द्यायला हवा," ती म्हणाली.

"हो गं," आई डोळे टिपत म्हणाली. "आणि मी मागच्या महिन्यात त्याच्याशी भांडले. एका शिडीवरून!"

आई बाबांबद्दल बोलतेय असं थोरलीने धरलं. शिडीवरून आई बाबांच्या फोटोशी भांडते, आणि तेही अरे-तुरे करत, हे तिला नवीन होतं. पण आजचा दिवस ऐकून घेण्याचा होता. तिने मान डोलावली.

"त्यालाच राहू दे म्हणावं शिडी," आई म्हणाली.

"राहू दे," थोरली हळुवारपणे म्हणाली.

एवढ्यात बेल वाजली आणि मावशी आत कोसळली. मागे जिन्यातच तिच्याकडून बातमी कळलेला धाकटा, गळ्यात मास्क, हातात रबरी मोजे तसेच.

"किती गं धीराची पोर!" मावशीने थोरलीचा चेहरा ओंजळीत धरला. "एकटीने येऊन हे सगळं करायचं म्हणजे..."

"त्यात काय मावशी! आता दर वर्षी करायचं ठरवलंय मी."

मावशीचं रडणं जागच्या जागी थांबलं. "दर वर्षी?"

"ताई, झालं कसं ते तरी सांग," धाकटा म्हणाला.

"काय कसं झालं?"

"दादामामांचं."

"दादामामांचं काय?"

"गेले ना ते!"

"दादामामा गेले?" थोरली किंचाळली आणि तिने जवळची खुर्ची पकडली. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तूच तर सांगायला आलीस!" तिघं एकदम म्हणाली.

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. सवयीने आईच उठली.

इथे मावशीची एक कामगिरी नोंदवायला हवी. येताना टॅक्सीत तिने कुटुंबाच्या ग्रुपवर संदेश टाकला होता, 'ताबडतोब अक्काकडे या. सगळं संपलं.' काय संपलं आणि कुणाचं, हे रडण्याच्या भरात लिहायचं राहून गेलं. पण अक्काकडे या म्हटल्यावर दादामामांनी जो अर्थ काढायचा तो काढला होता.

दारात दादामामा उभे होते. काळा कोट, हातात पांढऱ्या फुलांचा भलाथोरला गुच्छ आणि त्यावर जांभळी फीत, 'प्रिय बहिणीस अखेरचा निरोप.' उंबरठ्याच्या एका बाजूला एक मेलेलं माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरं! दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"तू... तू गेलीस ना?" दादामामांनी विचारलं.

"मी कुठे जातेय? तू गेलास!"

"काय?"

दादामामांनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं. आईने पुढे होऊन त्यांची बाही चाचपली, मग आतला दंड चाचपला, मग गाल. नग अस्सल असल्याची खात्री पटल्यावर ती एकदम ताठ झाली.

"माझी शिडी कुठेय?"

मग चौकशी सुरू झाली आणि सगळी बोटं फिरून थोरलीवर येऊन थांबली.

"मी फक्त आईला वेळ द्यायला आले होते," ती म्हणाली. "मदर्स डेचा."

"तो परवा झाला!" धाकटा ओरडला. "तिकडे एक माणूस 'आ' करून बसलाय माझा!"

"मग जा की!"

पण गेलं कुणीच नाही. नुकतीच जिवंत झालेली माणसं अशी लगेच कशी उठणार? भूक मात्र सगळ्यांना सणसणून लागली होती. तेव्हा, आज जिने कशालाही हात लावायचा नव्हता, त्या आईने पाच जणांसाठी अंडी फोडली आणि पाव भाजले. धाकट्याने फोनवरून पेशंटला तोंड मिटायची परवानगी दिली. दादामामांनी अर्धवट राहिलेला डाव सगळ्यांना समजावून सांगितला, आणि कुणाला समजला नाही म्हणून पुन्हा सांगितला. मावशीने आपलं रडणं फुकट गेल्याचं मनावर घेतलं होतं. ती मधूनमधून दादामामांकडे रागाने बघत होती.

"आता या फुलांचं काय करू?" निघताना दादामामांनी विचारलं. "फुलवाला परत घेणार नाही. फितीवर लिहून घेतलंय."

"ठेव इथेच," आई म्हणाली. "माझ्याच नावाची आहेत."

संध्याकाळी घर रिकामं झालं. दोघी समोरासमोर बसल्या. हातात काही नव्हतं.

"सकाळी सरळ विचारलं का नाहीस मला?" थोरली म्हणाली. "कोण गेलं म्हणून?"

आईने जांभळी फीत बोटाला गुंडाळली. "तू तोंड उघडेपर्यंत सगळे होतेच की गं. म्हटलं, असू देत थोडा वेळ."

थोरलीला त्या वाक्यात काहीच दुरुस्त करावंसं वाटलं नाही. तिने आईचा हात हातात घेतला. तशाच बसून राहिल्या दोघी. बराच वेळ. मग आईचा डोळा लागला.

थोरली हळूच उठली. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मेहनतीने मिळालेल्या फुलांना पाणी तरी मिळावं म्हणून तिने निळ्या फुलदाणीतले झारे आणि डाव काढायला घेतले.

थोड्या वेळाने ती चहा घेऊन बाहेर आली. आई जागी झाली होती. तिने एक घोट घेतला, कप सावकाश खाली ठेवला आणि लेकीकडे रोखून बघितलं.

"दुप्पट गोड झालाय."

थोरलीने आपली खुर्ची जवळ ओढली.

"आता कोण?"

"आई, तू आधी नीट बस."

"बसलेय. कोण?"

"तुझी निळी फुलदाणी."

आईच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा निखळ समाधान पसरलं. तिने कप पुन्हा उचलला आणि तो पाक शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

"अगं, मग ही भेट सकाळी आल्या आल्याच द्यायची नाही का!"