आमच्या पाण्यातला मासा

माझ्या हाताखालून गेलेलं पाणी एकदम शुद्ध! हे मी नाही म्हणत, मासा म्हणतो.

घरामागच्या शेडमध्ये नवरा आणि धाकटे भाऊजी नळाच्या तोट्यांवर निकेल चढवतात. तोट्या धुतलेलं हिरवं, विषारी पाणी माझ्या ताब्यात. चुना घालायचा, निकेलचा गाळ तळाशी बसला की वरचं नितळ पाणी काढायचं, मग रंग बदलणारा कागद बुडवून आम्लाचं प्रमाण जुळवायचं. सगळं बघूनबघून शिकले! शेवटच्या काचेच्या टाकीत एक लाल मासा सोडलाय. तो जगला की मी जिंकले.

पण परवा मासा बारीक वाटला. आजारपणातून उठल्यासारखा! आणि शेपटीवरचा पांढरा ठिपका गायब!

"अहो, हा आपला मासा नाही."

"मग काय पाहुणा आलाय?" नवरा तोटी पुसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रदूषण तपासणीवाल्या सरकारी बाई येणार. पाणी नापास झालं तर शेडला कुलूप! संशय थेट भाऊजींवर. माझा डोळा चुकवून विषारी पाणी तसंच पुढे सोडत असणार! दिवसभर मी त्यांच्यामागे मांजरासारखी.

सकाळी भाऊजी शर्टाखाली काहीतरी लपवून फाटकातून आत शिरले. टपटप गळत होतं.

"काय आहे ते, भाऊजी?"

"घाम, वहिनी."

"घामाला पिशवी लागते?"

ओढली पिशवी. आत लाल मासा, माझ्याकडेच बघतोय!

"कालचाही रात्री गेला. सारखे मरतात हो," भाऊजी पुटपुटले. "तुम्ही रडाल म्हणून दादा गुपचूप नवा आणायला लावतो."

म्हणजे पाणी विषारीच! नेमक्या तेव्हाच बाई दारात. त्यांनी बाटलीत पाणी घेतलं, थेंब टाकले, रंग पाहिला.

"छान आहे की पाणी!"

"मग मासे का मरतात?" तोंडातून निसटलंच! नवऱ्याने कपाळावर हात मारला.

बाई टाकीवर वाकल्या. तळाशी पांढरा लगदा. "खायला कोण घालतं?"

"मी. सकाळी बिस्किट," भाऊजी म्हणाले.

"दुपारी मी," नवरा.

मी कमरेला खोचलेला बिस्किटांचा पुडा हळूच पाठीमागे नेला. बाईंनी पाहिलाच.

"तुमच्या पाण्यात मासे जगतात हो. तुमच्या मायेत नाही जगत!"

आता टाकीवर पाटी आहे, 'खाऊ घालू नये'. उरलेली बिस्किटं मी भाऊजींनाच आग्रहाने खायला घालते. कालपासून त्यांचं पोट दुखतंय.

आणि त्यांचा संशय कुणावर? माझ्या पाण्यावर!