सुटकेची मोहीम: स्थिती प्रलंबित

ॲप करण्यात इंद्रनीलचे फायदे तीन होते. एक, दर शनिवारचा अर्धा तास वाचणार होता. दोन, ॲपच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव येणार होतं. तीन, "तुला ऑफिसबाहेरचं काही जमतं का रे?" या बायकोच्या प्रश्नाला परस्पर उत्तर मिळणार होतं. तोट्याचा रकाना त्याने कोरा सोडला.

इंद्रनील आयर्लंडमध्ये, ॲथलोनला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. तिथे दिवा बदलायलाही दोन सह्या लागतात, आणि ते योग्यच आहे. फक्त ती सवय गेटबाहेर पडताना जमा करून घ्यायची सोय कारखान्याने केलेली नाही.

ऑक्टोबर २०२०. कोरोनामुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी. म्हणून चौघं दर शनिवारी दुपारी चारला स्क्रीनवर भेटून खेळत: वीस बाजूंचा फासा, एक कागद आणि भरपूर थापा. गोष्ट रचायची आणि सगळे शत्रू वठवायचे ते ब्युमॉन्टच्या जयेशने. इंद्रनील सरदार, त्याची बायको मेधा तिरंदाज, आणि किलकेनीत एकटी राहणारी स्वरूपा म्हणजे कस्तुरी नावाची चोर. स्वरूपा घरून काम करायची. आठवडाभर तिच्याशी आपणहून बोलणारं एकच, सुपरमार्केटातलं बिल करायचं मशीन. शनिवारचे दोन तास एवढाच तिचा गप्पांचा शिधा.

कोणती मोहीम अर्धवट, विहिरीची किल्ली कोणाकडे, यावर दर वेळी अर्धा तास भांडण होई. इंद्रनीलच्या ॲपमध्ये साधी यादी होती. मोहीम संपली की टिचकी मारायची.

"ग्रँड आहे रे!" जयेश म्हणाला.

घात या कौतुकाने केला. पुढच्याच शनिवारी सुधारित आवृत्ती आली. आता प्रत्येक मोहिमेला क्रमांक, जबाबदार व्यक्ती, धोक्याचं मूल्यमापन आणि मंजुरी. त्याच दिवशी ड्रॅगनने कस्तुरीला गुहेत कोंडलं. जयेशचा नियम होता: पकडला गेलेला सुटेपर्यंत माइक बंद.

"दहा मिनिटं गप्प बस गं," तो म्हणाला.

"चला, सोडवू तिला," मेधाने फासा उचलला.

"थांब, थांब. मूल्यमापन?" इंद्रनीलने स्क्रीन शेअर केली. "ड्रॅगन. शक्यता पाच, परिणाम पाच. गुणाकार पंचवीस! असं कसं आत जाऊ देणार?"

"मग काय करू? त्याला फॉर्म भरायला देऊ?"

"आग विझवायचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. दोघांना."

प्रशिक्षण तीन शनिवार चाललं. मग मंजुरी. नियम असा की मोहिमेवर जाणाऱ्याने मंजुरी द्यायची नाही. इंद्रनील आणि मेधा जाणारे. जयेश म्हणजे खुद्द ड्रॅगन, त्याचे हितसंबंध उघड. उरली स्वरूपा.

"ती कैदेत आहे," जयेश म्हणाला.

"म्हणून तिच्यापर्यंत कागद पोचवायला वेगळी मोहीम उघडलीय," इंद्रनील म्हणाला. "क्रमांक बावीस."

"आणि बावीसला मंजुरी कोण देणार?" मेधाने विचारलं.

"स्वरूपा."

स्वरूपाने कॅमेऱ्यासमोर वही धरली. तीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मंजूर! मंजूर! आता तरी बोलू द्या!' इंद्रनीलने ते शांतपणे वाचलं आणि कैद्याने अनधिकृत संपर्क साधल्याची नोंद केली. तिच्या चौकशीत नाताळ गेला.

जानेवारीपासून स्वरूपा शनिवारी दिसेना. जयेशचं नेट जाऊ लागलं, मेधाला चारलाच कणीक मळायची असे. इंद्रनील एकटा बसून नोंदी अद्ययावत ठेवी. उपस्थिती पंचवीस टक्के, प्रलंबित मोहिमा एकतीस, आणि एकही चूक नाही.

फेब्रुवारीत एका बुधवारी मीटिंग रद्द झाली म्हणून तो दुपारीच घरी आला. स्वयंपाकघरातून हसणं ऐकू येत होतं. मेधाच्या लॅपटॉपवर स्वरूपा तावातावाने बोलत होती आणि जयेश ड्रॅगनच्या आवाजात कांदे महाग झाल्याची तक्रार करत होता.

"कस्तुरी सुटली?" इंद्रनील दारातच थबकला.

"जानेवारीत," मेधा म्हणाली. "एकोणीस पडले. सात मिनिटं लागली."

"मूल्यमापन न करता?"

"तू आलास?" स्क्रीनवरून स्वरूपा म्हणाली. "बस ना! फासा आण."

इंद्रनीलने खुर्ची ओढली. मग म्हणाला, "आधी कस्तुरीला परत गुहेत जावं लागेल. रीतसर सोडवू."

स्वरूपाने स्क्रीनवरची स्वतःची खिडकी बंद केली.

"खेळ बुधवारी नेलात, हे मला कोणी सांगितलं का नाही?" इंद्रनीलने विचारलं.

"बदलाचा अर्ज टाकला होता," मेधा म्हणाली. "तुझ्याकडेच पेंडिंग आहे."

तिघांचा खेळ आता गुरुवारी असतो. कुठे, ते इंद्रनीलला माहीत नाही. त्याचं ॲप बाहेरच्या नऊशे लोकांनी घेतलं, पैकी खेळतात चार. बाकीचे नोंदी करतात आणि पाच तारे देतात.

एकूण ताळा असा: स्वरूपाने मुके शनिवार भरले, जयेशने धडधाकट नेटची बदनामी भरली, मेधाने न लागणारी कणीक मळली, आणि इंद्रनीलने तीन मित्र भरले, पैकी एक घरातच राहतं. तुम्ही काय भरलंत ते तुमच्या शाळेच्या ग्रुपवर बघा. भेटायची तारीख ठरवायला तिथे दोन वर्षांपूर्वी पोल टाकलाय, आणि 'नंतर कळवतो' या पर्यायावर तुमचं नाव आहे.