टेपेबरोबर जाणारे दत्तण्णा

दत्तण्णा मोहिते बसची दोन तिकिटं काढायचे. एक स्वतःचं, दुसरं कॉम्प्युटरच्या टेपेचं. शेजारच्या सीटवर कुणी ट्रान्झिस्टर घेऊन बसलं तर त्यातल्या चुंबकानं टेपेवरचं सगळं पुसलं जाईल, अशी त्यांना भीती. ऑफिसातल्या अकाउंट्सच्या बाईंनी एकदा विचारलं, "दुसरा प्रवासी कोण?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, "कंपनीचाच माणूस. बोलत नाही एवढंच."

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पुण्याहून येऊन मी बंगळूरच्या एका छोट्या कंपनीत लागले होते. आम्ही युनिक्सची मशिनं विकत असू आणि त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीमची देखभालही करत असू. चूक सापडली की तिच्या दुरुस्तीचा पॅच तयार करायचा, तो टेपेवर चढवायचा आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर नेऊन बसवायचा. हे शेवटचं काम दत्तण्णांचं. साखर कारखाना असो, सूतगिरणी असो, सहकारी बँक असो, टेप मांडीशी घेऊन अण्णा सकाळच्या बसनं निघायचे. कुरियर होतं, पण अण्णांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "कुरियरवाला टेप देईल की," ते म्हणायचे, "घाबरलेल्या माणसाजवळ बसेल का?"

त्यांचं घराणं कैक पिढ्या बंगळूरचं. मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं की पहिला महिनाभर मी नुसती मान हलवत होते. माझ्या दुप्पट वयाचे, तरी मला 'अक्का' म्हणायचे. मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं तर आधी पडद्यावर तळहात टेकून "स्वल्प थांब" म्हणायचे. सगळं सुरळीत उठलं की "सरी", म्हणजे ठीक. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती.

दौऱ्यावरून आले की पॅचची हकीकत एका वाक्यात संपायची. उरलेला वेळ जेवणाचं वर्णन. कुठं जोंधळ्याची भाकरी, कुठं एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, कुणाच्या घरी नवीन सून आली, कुणाचे वडील आता काठी घेतात. तुंगभद्रेकाठच्या एका साखर कारखान्यातला ऑपरेटर बसवराज, त्याच्या आईचं नाव तर रोज निघायचं. अण्णा तिला अव्वा म्हणायचे. "अव्वा वाढत असल्या की पुरे म्हणायची सोय नाही," असं तक्रारीच्या सुरात सांगायचे आणि पोटावरून हात फिरवायचे.

एकदा ते तापानं पडले म्हणून मी बंगळूरातल्याच शिवाजीनगरला त्यांच्याकडे गेले. खाली भावाचं भांड्यांचं दुकान, वर अण्णांची खोली. लग्न केलेलं नव्हतं. मी बसले असताना दुकानातला गडी झाकलेलं ताट घेऊन वर आला, दाराशी ठेवून गेला. कुणी हाक मारली नाही. अण्णांनी ताट आत घेतलं, भिंतीकडे तोंड करून बसले आणि मुकाट्यानं जेवले. जेवणाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुढं गिऱ्हाइकं वाढली. मॅनेजरनी अण्णांना आणि मला बोलावलं. "अण्णा, असं पॅकेज करा की तिथल्या माणसानं टेप घालायची, एक ओळ टाइप करायची आणि कॉफी प्यायला जायचं. तुम्हाला धावपळ नको."

"सरी," अण्णा म्हणाले.

ते काम आम्ही दोघांनी मिळून केलं. आज्ञा मी लिहायचे आणि अण्णा शेजारी बसून थांबवायचे. "थांबा अक्का. सूतगिरणीच्या डिस्कवर जागा नाही. आधी मोजू द्या." जागा नसली तर काय करायचं, मी विचारलं. "परत फिरायचं. अर्धं घालून सोडायचं नाही." जुन्या फायली आधी बाजूला जपून ठेवायच्या, काही बिनसलं तर त्या होत्या तशा परत मांडायच्या, हेही त्यांनीच घालायला लावलं. कुठलं मशीन कुठं अडेल ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यातलं काहीही त्यांनी हातचं राखलं नाही. काम मध्येच रेंगाळतं तिथं पडद्यावर काय दाखवायचं, यावर मात्र ते फार अडून बसले. शेवटी त्यांनी स्वतः ओळ लिहिली: 'आता थोडा वेळ काही दिसणार नाही. मशीन बिघडलेलं नाही. घाबरू नका.' मॅनेजरना ती पोरकट वाटली. अण्णांनी ती काढली नाही.

टेपा कुरियरनं गेल्या. अण्णा फोनजवळची खुर्ची धरून बसले. तक्रार एकही आली नाही. एकामागून एक निरोप येत होते, बसला, नीट बसला. अण्णा प्रत्येकाला "सरी" म्हणत. दुपारी डबा उघडायचे आणि तसाच झाकायचे.

मग एका सकाळी साखर कारखान्यातून फोन आला. मी उचलला. बसवराज होता.

"पॅच बसला, मॅडम. काही अडचण नाही. अण्णा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. का?"

"टेप आली, ते आले नाहीत. आई म्हणाली, आजारी असतील. ती इथंच आलीय. द्या ना त्यांना."

मी रिसीव्हर अण्णांच्या हातात दिला. पलीकडून बाईमाणसाचा मोठा, रागावलेला आवाज मलाही ऐकू येत होता. अण्णा उभे राहिले. कन्नडमधून म्हणाले, "नाही अव्वा, तब्येत ठीक आहे." मग म्हणाले, "आता माझी गरज पडत नाही ना. काम नसताना कसं यायचं?"

पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी अण्णांनी रिसीव्हर ठेवला, रुमालानं चष्मा पुसला आणि सरळ मॅनेजरच्या केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले. मीही मागोमाग गेले.

"सर, रजा पाहिजे. बसवराजकडे जायचंय."

मॅनेजर दचकले. अण्णांनी रजा मागितल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. "काय झालं? पॅच बिघडला?"

"नाही सर. छान बसलाय."

"मग?"

अण्णांनी खाली पाहिलं. "घरचं काम आहे."

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "किती दिवस?"

"ते मला नाही सांगता यायचं, सर," अण्णा म्हणाले. "अव्वा सोडतील तेव्हा."