कंपनीचा कूलर

डोमाजींनी अंगणात पिवळा पट्टा ओढला, तेव्हा प्रभावतीबाईंच्या कुरड्या तिथेच वाळत होत्या.

"उचल त्या. अर्ध्या कुरड्या कंपनीत गेल्या."

पट्ट्याच्या अलीकडे राहतं घर, पलीकडे भाड्याच्या दोन खोल्या. मारेगावच्या मेहुण्याचा भाडेकरू जिन्यावरून पडला आणि भरपाईपायी मेहुण्याचं राहतं घर कोर्टात अडकलं, हे ऐकल्यापासून एसटीतून रिटायर झालेल्या डोमाजींची झोप उडाली होती. यवतमाळच्या वकिलाने तोड सांगितली. खोल्या कंपनीच्या नावावर करा. काही झालं तर कंपनी निस्तरेल, घराला धक्का नाही. फक्त घरचं आणि कंपनीचं एक होऊ देऊ नका. कंपनीची वस्तू घरच्या सुखासाठी वापरली, की कोर्ट थेट स्वयंपाकघरात शिरतं.

कंपनीला दोन डायरेक्टर लागतात, म्हणून प्रभावतीबाईही डायरेक्टर झाल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. इथे निदान सही तरी विचारली.

एप्रिल तापला. डोमाजींनी घरच्या कूलरमध्ये नवा वाळा भरला आणि मिस्त्री न बोलावता, स्वतःच्या हुशारीवर, तो घराच्या खिडकीबाहेर जुन्या स्टँडवर चढवला. टाकी भरली, स्टँड कुरकुरलं आणि कूलर पाण्यासकट खाली उभ्या स्कूटीवर जाऊन बसला. स्कूटी भाडेकरू शीलाची. ती धावत बाहेर आली.

"काकाजी! कोनाचा हाय हा कूलर?"

घर वाचवायची हीच वेळ होती. "कंपनीचा!" डोमाजी छाती काढून म्हणाले. "माहा काही संबंध नाही. कंपनीले नोटीस धाड."

"धाडतेच. ह्या खोल्या कंपनीच्याच हायेत ना?"

डोमाजींची छाती जागेवर आली. घर वाचवताना त्यांनी खोल्या स्वतःच्या हाताने तिच्या पुढ्यात ठेवल्या होत्या.

"थांब वं शीला," प्रभावतीबाई पदराला हात पुसत आल्या. "मी डायरेक्टर हावो. तुले काय पायजे, सांग."

शीलाने कूलरकडे पाहिलं. पत्रा चेपला होता, पंखा मात्र शाबूत. "स्कूटी माहा भाऊ नीट करून देते. उन्हाळाभर कूलर माह्या खिडकीत लावा."

"मंजूर."

"अवं प्रभा, आपला कूलर हाय तो!"

"आपला? सांगा मंग तिले तसं. भरपाई घरातून द्या."

शीलाने कूलरची एक बाजू उचलली, डोमाजींनी दुसरी धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घराची भट्टी झाली. प्रभावतीबाई कुठे दिसेनात. उशी काखेत मारून डोमाजी पट्टा ओलांडून गेले. शीलाच्या खोलीत, वाळ्याच्या गार वाऱ्यात, दोघी टरबूज खात बसल्या होत्या.

"तू काहून इथं?"

"कंपनीची पाह्यणी करून राह्यली."

"मी बी डायरेक्टर हावो. सरक."

प्रभावतीबाईंची नजर उशीवर येऊन थांबली.

"उशी घरची हाय ना? ठेवून या तिकडे. उगाच घर जाईन आपलं."