समीक्षाचं नारिंगी जॅकेट

दुसरीतल्या सलोनीने 'माझी आई' या विषयावर पाच ओळी लिहिल्या. चौथी ओळ : 'माझी आई सगळ्याला घाबरते.' बाईंनी पुढे लाल पेनाने 'छान' लिहिलं होतं.

ते 'छान' तिच्या आईला, समीक्षाला, फार लागलं. (सगळ्याला म्हणजे काय? पाल, लिफ्ट, कुकरची तिसरी शिट्टी. मोजून तीन गोष्टी. बरं, पाच.) नवरा दीपेश एमआयडीसीतून शिफ्ट संपवून आला, तशी तिने घोषणा केली, "या रविवारी पोलादपूरच्या वर राफ्टिंग. वल्हं मी मारणार."

दीपेशने सोडलेली बुटाची नाडी पुन्हा बांधली. "तू?"

"हो, मी. आधी रीतसर सराव करून."

"सराव कसला गो?" उमरठच्या सासूबाई, चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आमी म्हशीचं शेपूट धरून नदी पार करायचो. म्हशीनं काय जाकीट नव्हतं घातलं."

शनिवारी राफ्टिंगची जॅकेटं आली. समीक्षाने नारिंगी जॅकेट चढवलं, हेल्मेट घातलं, गळ्यात शिट्टी अडकवली. घरापुढच्या ओट्यावर गादी टाकली, ती राफ्ट. पुढे सलोनी, मध्ये सासूबाई, मागे खराटा घेऊन स्वतः कप्तान.

"डावीकडून मारा! जोरात!" तिने शिट्टी फुंकली. आभाळ नेमकं तेव्हाच भरून आलेलं.

समोरच्या रिझवानाभाभी दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आल्या. त्यांनी जॅकेट पाहिलं, शिट्टी ऐकली. पुराची सवय असलेल्या महाडात जॅकेट घातलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत बसत नाही. आधी सामान वर जातं.

"सईद! फ्रीज उचल!" त्यांनी घरात मुलाला हाक मारली.

पाच मिनिटांत गल्लीतले टीव्ही, सिलिंडर, पिठाचे डबे जिने चढू लागले. गोमाजी वाण्याने साखरेचं पोतं पाठीवर घेतलं. हे समीक्षाने पाहिलं. पूर! तिने खराटा टाकला, एका काखेत सलोनी, दुसऱ्या काखेत मिक्सर घेतला आणि थेट गच्ची गाठली.

"पाणी कुठवर आलंय, भाभी?" ती समोरच्या गच्चीकडे बघून ओरडली.

"ते तूच सांग ना! आम्ही तुला बघून वर आलो!"

"आणि मी तुम्हाला बघून!"

सगळ्या गच्च्यांनी खाली वाकून पाहिलं. गल्ली कोरडी ठणठणीत. मधोमध एक कुत्रं झोपलेलं. ओट्यावर सासूबाई एकट्याच गादीवर बसून लाटण्याने वल्हवत होत्या.

"अगो कप्तान, आता उजवीकडं मारू काय?"

रविवारी राफ्टिंग झालं. दीपेश गेला, सलोनी गेली, सासूबाई तर पुढच्या जागेसाठी भांडल्या. समीक्षा मात्र दिवसभर गल्लीत होती. भाभींच्या फ्रीजचं एक टोक धरून जिना उतरत होती. (उलट्या पावलांनी. ही सहावी गोष्ट.)

सोमवारी सलोनीने चौथी ओळ खोडून नवी लिहिली : 'माझी आई सगळ्यांना घाबरवते.'

या वेळी पुढे 'छान' नव्हतं. बाई याच गल्लीच्या टोकाला राहतात, आणि त्यांची शिलाई मशीन अजून गच्चीवरच आहे.